नळी स्वस्त झाली, हात कोठून आणावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत स्वागतार्हच आहे. परंतु मालवण-देवगडच्या किनारपट्टीवर ज्या घरांतून चाकरमानी मुंबईला गेले आणि मागे केवळ म्हातारी माणसे उरली, तेथे तिचा उपयोग कितपत, हे पाहावयास हवे.

जाहिराती लवंग, मीठ, कोळसा यांचे गुण गातात. वस्तुतः दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर निघतो तो मुख्यतः ब्रशच्या घासण्याने. पेस्टमधील खरा उपयोगी घटक फ्लोराइड. हिरड्या सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागू नये म्हणून वृद्धांना ते विशेष हवे. उलट, फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट गोळ्यांनी कोरड्या पडलेल्या तोंडाला झोंबू शकते. (फेस म्हणजे स्वच्छता, ही समजूत आपण साबणापासून घेतली असावी.) मशेरीची गोष्टच निराळी. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली केंद्राने बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती कशी पोहोचणार?

मात्र संधिवाताने आखडलेल्या बोटांना ब्रशच धरवत नाही, तेथे घटकांची चर्चा संपते. हा थर दात किडवून थांबत नाही. गिळताना ठसका लागला की त्यातील जिवाणू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. जपानमधील ११ शुश्रूषागृहांची पाहणी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या वृद्धांचे तोंड जेवणानंतर परिचारकांनी स्वच्छ केले, त्यांपैकी ११ टक्क्यांना दोन वर्षांत न्यूमोनिया झाला. इतरांत हे प्रमाण १९ टक्के होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत नळी ही वस्तू आणि हात ही सेवा. करकपातीने वस्तूचा भाव उतरतो, सेवेचा पुरवठा वाढत नाही. मुंबईच्या पैशाने नळी येते, हात येत नाही. सून घरी असलीच तर हे काम तिच्या माथी येते आणि राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंदही होत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ पासून ‘आयुष्मान’ योजनेत पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली. म्हणजे न्यूमोनिया झाल्यावर पैसा आहे, तो टाळणाऱ्या रोजच्या पाच मिनिटांना नाही. फडके गुंडाळून ब्रशची मूठ जाड कशी करावी, अंथरुणाला खिळलेल्यास बसते करून तोंड कसे पुसावे, रात्री कवळी का काढून ठेवावी, हे आशा कार्यकर्तींना शिकवून या भेटींचे स्वतंत्र मानधन देण्यास जिल्हा परिषदेने प्रारंभ करावा. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी सामानात पेस्टचा मोठा खोका भरण्यापूर्वी आईच्या तोंडात एकदा विजेरी धरून पाहावे.