भरधाव पंचनामा

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटून दीड वाजण्याच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. ३३ पैकी २५ जण गेले. वाचलेल्या आठांत चालक होता. टायर फुटला आणि गाडीवरचा ताबा सुटला, असे त्याने सांगितले आणि उजाडता उजाडता तेच अपघाताचे कारण म्हणून महाराष्ट्रभर पोहोचले. मग काँक्रीटच्या रस्त्यावर टायर किती तापतो, त्यात साधी हवा भरावी की नायट्रोजन, यावर चर्चा झडल्या. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने रस्ता आणि बसचा सांगाडा तपासला तेव्हा मात्र टायर फुटल्याचा पुरावाच मिळेना. रस्त्यावर ना रबराचे तुकडे, ना तशा खुणा. बस आधी उजव्या बाजूच्या लोखंडी खांबाला धडकली, मग दुभाजकावर गेली आणि डाव्या कुशीवर पडली. दरवाजा खाली दबला. जे वाचले ते काचा फोडून बाहेर पडले म्हणून. पुढे चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळल्याचा न्यायवैद्यक अहवालही आला.

चालक खोटे बोलला, असे म्हणून हा विषय मिटवता येईल. तसे बोलण्यात त्याचा स्वार्थ होता, हे शेंबड्या पोरालाही कळेल. प्रश्न आहे तो आपल्या व्यवस्थेचा. ज्याचे सर्वाधिक पणाला लागले होते त्याच्याच शब्दाला, कोणी टेप घेऊन रस्त्यावर उतरण्याआधी, ‘प्राथमिक कारण’ असा दर्जा कसा मिळाला? कारण शोधायची आपल्याला कमालीची घाई असते आणि ते तपासायचा तेवढाच कंटाळा. याच ठिकाणी नंतर महामृत्युंजय यंत्र बसवण्याचाही कार्यक्रम झाला आणि त्याबद्दल जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. अपघाताचे खरे कारण सरकारने खणखणीतपणे लोकांसमोर ठेवले नाही की ती जागा अशी भरली जाते.

बरे, ज्याचा काडीचाही स्वार्थ नाही अशा साक्षीदाराचे काय? धाब्यावर चहा पिणारा, शेतात पाणी द्यायला निघालेला, मागच्या गाडीत बसलेला. हा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो. पण त्याने अपघात पाहिलेलाच नसतो. त्याने ‘धडाम’ असा आवाज ऐकलेला असतो आणि मान वळवलेली असते. तोवर सगळे होऊन गेलेले असते. धडकेआधीचे तीन-चार सेकंद, ज्यांत अपघाताचे खरे कारण दडलेले असते, ते त्याच्या डोळ्यांनी टिपलेले नसतात. ती रिकामी जागा त्याचे मन भरून काढते, आवाजाच्या मोठेपणावरून, चेपलेल्या पत्र्यावरून आणि आजूबाजूच्यांच्या बोलण्यावरून. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग तर चांगल्या नजरेच्या माणसालाही नीट जोखता येत नाही. रात्री दोन दिव्यांवरून तो ओळखणे हा निव्वळ अंदाजपंचे कारभार. तासाभरात गर्दीत चार वेळा तीच हकिगत सांगून झाली की साक्षीदाराला स्वतःला वाटू लागते की हे आपण पाहिले. पोलीस येईपर्यंत पाच जणांची एकच कथा तयार झालेली असते आणि पाच जबाब जुळतात म्हणून तपास अधिकारी निर्धास्त होतो. खरे तर पाच जबाब शब्दाला शब्द जुळले की त्याने सावध व्हायला हवे.

हे आमचे निव्वळ तर्कट नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललेले. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हाचा वेग विचारला, तेव्हा सरासरी उत्तर आले ताशी सुमारे ६६ किलोमीटर. त्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती, असे विचारताच ते ५१ वर उतरले. दुसऱ्या प्रयोगात आठवडाभराने विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी ज्यांना जोरकस शब्दात प्रश्न विचारला होता, त्या ५० पैकी १६ जणांनी काचा पाहिल्याचे सांगितले. सौम्य शब्दात विचारलेल्या ५० पैकी असे सांगणारे सातच निघाले. हे धडधाकट, शिकलेले, खुर्चीत बसून चित्रफीत पाहणारे लोक होते. समोर रक्ताचा थेंब नव्हता की कोणी आक्रोश करत नव्हते.

आता आपल्याकडचे पोलीस ठाणे पाहा. जबाब घेणारा अंमलदार विचारतो, ‘गाडी भरधाव होती ना?’ साक्षीदार मान डोलावतो. नंतर कागदावर जे उतरते ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही ठाण्यात जवळपास सारखेच असते. ‘सदर चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ वगैरे. अपघात नागपुरातला असो की सावंतवाडीतला, मजकूर तोच. फक्त गाडीचा क्रमांक बदलायचा. यात तपास कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच, कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या खटल्यात, हा साचा उघडा पाडला होता. ‘वेगात’ ही सापेक्ष गोष्ट आहे, वाहन वेगात होते एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही आणि वेगात म्हणजे नेमके काय हे सरकार पक्षाने दाखवायला हवे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या ट्रकचालकाच्या सुटकेवर शिक्कामोर्तब केले. त्याला पाव शतक उलटले. ‘भरधाव’ अजून ठाण्यात ठाण मांडून आहे.

त्याचे नुकसान खटल्यापुरतेच राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. अतिवेग मारतो, यात शंका नाही. पण हा आकडा येतो पोलिसांनी भरलेल्या नोंदींतून आणि त्या नोंदींचा आधार बहुतेक वेळा वर सांगितलेले जबाब. वेग मोजलेला कुणी नाही, तरी दिल्लीतल्या तक्त्यात तो कारण म्हणून विराजमान. मग धोरणही तसेच ठरते. रस्त्यातले वळण चुकले, कठडा पुढे आला, बंद पडलेला ट्रक विनादिवा उभा होता, या कारणांना तक्त्यात जागा मिळायची ती चालकाच्या बेपर्वाईतून उरली तर. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराला आणि तो ताब्यात घेणाऱ्या अभियंत्याला यापेक्षा सोयीचे दुसरे काय असणार?

चारोटीचा अपघात या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची जर्मन कंपनीची मोटार कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे मागच्या आसनांवरचे दोघे गेले. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी डावीकडून पुढे काढताना ताबा गेला, असे प्रत्यक्षदर्शीने सांगितले. चारोटी नाक्यानंतरचे वीस किलोमीटर गाडीने नऊ मिनिटांत कापले, असे पोलिसांकडून आले आणि ताशी १३३ किलोमीटर हा हिशेब लोकांनी घरबसल्या केला. नंतर गाडीतल्या संगणकीय नोंदी कंपनीने वाचल्या. धडकेआधी पाच सेकंद वेग ताशी १०० होता, ब्रेक दाबला गेला आणि धडक बसली तेव्हा तो ८९ होता. म्हणजे चालकाला धोका दिसला होता, तो टाळण्याचा प्रयत्नही झाला होता. हे जगातल्या कोणत्याही साक्षीदाराला सांगता आले नसते. तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होतो आणि पुलाचा कठडा बाजूपट्टीत घुसलेला आहे, हे न्यायवैद्यक पथकाने दाखवले. चालकाची चूक यामुळे पुसली जात नाही. पण त्या चुकीची शिक्षा मरण का ठरली, याचे उत्तर काँक्रीटमध्ये सापडले, जबाबात नाही.

असा तपास करायला दरवेळी जर्मन मोटार लागते असे नाही. ब्रेकच्या घसटीची लांबी मोजायला साधी टेप पुरते. कोरड्या डांबरावर ३० मीटर घसट असेल तर घसरायला लागतेवेळी गाडी ताशी किमान ७३ किलोमीटर वेगात होती, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने निघते. रस्ता ओला असेल तर तीच घसट ५५ चा वेग सांगते. म्हणून पाऊस होता की नाही, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे लागते. रात्री उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळते, तेव्हा ट्रकवाला म्हणतो दिवे चालू होते, नातेवाईक म्हणतात बंद होते. जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर त्याची तार भिंगाखाली धरावी. जळत असताना धक्का बसला तर तापून मऊ झालेली तार ताणली जाते, तिची वेटोळी ओढल्यासारखी होतात. विझलेली असेल तर ती कडक राहते आणि तुटली तर टोक स्वच्छ तुटते. वीस रुपयांचा बल्ब दोन कुटुंबांमधला वाद मिटवू शकतो. पण तो क्रेनने वाहन ओढून नेण्याआधी काढून, पाकिटात घालून, मोहोरबंद करायला हवा. आपल्याकडे तासाभरात काय होते? वाहतूक मोकळी करण्याच्या धांदलीत सांगाडा बाजूला, काचा झाडूने खाली, रस्ता पाण्याने धुतलेला. पंच येतात तेव्हा पंचनामा करायला फक्त जागा उरलेली असते.

मग सगळा भार पुन्हा साक्षीदारावर. तो भार किती पेलतो, हे वांद्र्याच्या खटल्यात सगळ्या देशाने पाहिले. तो महामार्ग नव्हता, शहरातला रस्ता होता, पण धडा तोच. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे सलमान खान यांची गाडी बेकरीसमोर झोपलेल्यांवर गेली, एकाचा जीव गेला. सोबत असलेले पोलीस शिपाई रवींद्र पाटील हे फिर्यादी आणि मुख्य साक्षीदार. मद्याचा उल्लेख पहिल्या फिर्यादीत नव्हता, नंतरच्या जबाबात आला. २००७ मध्ये पाटील वारले. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने सलमान यांना दोषी ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाटील यांच्या साक्षीवर पूर्ण विसंबता येत नाही, असे म्हणत त्यांची निर्दोष मुक्तता केली. पाटील यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण तेरा वर्षे चाललेला खटला एका माणसाच्या आठवणीवर तोलला गेला, हा सरकार पक्षाचा पराभव होता. साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी नसते, डोळ्यांसमोर चित्रफीत फिरावी तसे त्याला सगळे आठवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने भारवाडा भोगिनभाई प्रकरणात १९८३ मध्येच सांगून ठेवले आहे. न्यायालयांना जे चाळीस वर्षांपूर्वी उमगले ते तपास यंत्रणेच्या कामात अजून उतरायचे आहे.

साक्षीदारांना आपण कसे वागवतो, हाही एक भाग. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि तो साक्षीला तयार झालाच तर त्याची विचारपूस एकदाच करावी, हे २०१६ पासूनचे दंडक आहेत. पुढे मोटार वाहन कायद्यातही मदतकर्त्याला संरक्षण मिळाले. ठाण्याच्या बाकावर याची माहिती फारशी नसते. दुसरीकडे चालक, म्हणजे सर्वांत जवळून पाहणारा माणूस, जमावाच्या भीतीने पळून जातो. ही भीती एवढी खरी आहे की कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या संतापाचा अपवाद चक्क छापलेला आहे. जी गाडी मोठी तिचीच चूक, हा जमावाचा न्याय आणि तो झाल्यावर उरलेल्यांचे जबाब.

रेल्वेचा अपघात झाला तर चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ज्याने गाडी चालवली त्यानेच चौकशी करू नये, ही साधी दृष्टी त्यामागे आहे. विमान पडले तर स्वतंत्र तपास विभाग आहे. अमेरिकेत विमान, रेल्वे आणि निवडक महामार्ग अपघात यांची चौकशी एकच स्वतंत्र मंडळ १९६७ पासून करते. त्याचे काम दोषी शोधणे नव्हे, कारण शोधणे. अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे रेल्वे आणि विमाने मिळून वर्षाला जेवढी माणसे मारतात, त्याच्या कितीतरी पट माणसे रस्त्यावर मरतात, आणि त्यांच्या मृत्यूची चौकशी करतो तोच ठाण्याचा अंमलदार, ज्याच्याकडे त्याच दिवशी चोरी, हाणामारी आणि बंदोबस्तही असतो. त्याला दोष देण्यात हशील नाही. त्याला ना प्रशिक्षण दिले ना उपकरणे.

२०२२ च्या सुधारित नियमांनुसार पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यावा लागतो. चौकट आहे, तिच्यात भरायला मजकूर हवा. राज्य सरकारने महामार्गांवरच्या प्रत्येक प्राणघातक अपघातासाठी पोलिसांपासून आणि रस्ते बांधणाऱ्या खात्यांपासून वेगळे तपास पथक नेमावे. वाहने हलवण्याआधी पथकाला मोजमापे आणि छायाचित्रे घेता आली पाहिजेत. साक्षीदाराला प्रश्न विचारताना त्याच्या तोंडात शब्द घालण्यास मनाई असावी आणि वेगाचा उल्लेख मोजमापाशिवाय फिर्यादीत येऊ नये. अहवाल जाहीर व्हावा, रस्त्याचा दोष निघाला तर त्या अभियंत्याच्या नावासह. सुरुवात समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून करता येईल. दोन्ही रस्ते एकाच राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत आणि दोन्हींवर प्रवाशाकडून टोल घेतला जातो.