पार्सलची पोच

इफ्तारचे ताट शेजारी गेले की ते रिकामे परत येत नाही. चिमूटभर साखर तरी त्यात घातलेली असते. ही रीत सोलापुरात विजापूर वेशीपासून बाळीवेशीपर्यंत सारखीच. पण परत भरायला ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने काय करावे? पहिल्या महायुद्धात परमुलखात गेलेल्या हिंदी शिपायाजवळ फक्त पत्र होते.

१९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. गुरख्यांना गोऱ्या सैनिकांसारखीच भेट मिळाली. शिखांना खडीसाखर आणि मसाले, इतर हिंदी शिपायांना त्याशिवाय सिगारेटी. पाणी वाहणाऱ्या भिश्तींना आणि सोबतच्या नोकरांना मात्र पितळी डबी नव्हतीच; मसाल्याचा पत्र्याचा डबा आणि शुभेच्छापत्र, बस्स. रोजा सोडताना पाण्याच्या पहिल्या घोटाची किंमत कळते. पाणी पाजणाऱ्याचा वाटा मात्र सर्वांत लहान!

या सरकारी भेटींबद्दलचे आभार फार मनावर घेऊ नयेत. अनेक शिपाई निरक्षर, पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेणार, आणि ते फ्रान्समध्ये बुलोनला सेन्सॉर वाचणार. मालकाच्या दारात उभे राहून मानलेले आभार ते. घरच्या पार्सलची पोच वेगळी असे. वस्तू मिळाल्याचे एका ओळीत सांगून पत्र लगेच पाऊस, पिके, कर्ज, सोयरीक यांकडे वळे. आभार त्या चौकशीतच होते.

इराकात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तुर्कांशी लढत होत्या. त्यांत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. खलिफाच्या फौजेविरुद्ध बंदूक धरलेल्या या माणसांवर १९१५ चा रमजान आला तोही तिथल्या जुलैच्या उन्हात. पुढे कूतला वेढा पडला. तो डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत टिकला. पार्सल तिथे पोहोचणार कसे? गावाकडे पोच न येणे हीच तेव्हा बातमी झाली असणार.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज या पत्रव्यवहाराचे सेन्सॉरने काढलेले इंग्रजी उतारे आहेत. बहुतेक मूळ पत्रे पुढे घरोघर रवाना झाली होती. म्हणजे ती शोधायची तर इकडेच.

आता ईदच्या साफसफाईत जुन्या ट्रंका उघडतील. काही घरांत त्या दिवाळीला उघडतात. आजोबांचे उर्दू मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला वाचता येत नाही; शेजारच्या घरात मोडीचे तेच. न वाचता येणारा कागद रद्दीत जायला वेळ लागत नाही. तो आधी उर्दू जाणणाऱ्या एखाद्या मौलवीसाहेबांना किंवा मोडी येणाऱ्या निवृत्त गुरुजींना दाखवावा. त्यात फार काही नसेलही. पार्सल पोहोचले, मोजे बरोबर बसले, अम्मीला सलाम, एवढेच.