माळ्यावरची लावणी

परवा दुपारी गल्लीत भंगारवाला ओरडत गेला आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन खाली धावले. त्याच्या हातगाडीवर रद्दीच्या गठ्ठ्याखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत बावीस रेकॉर्ड्स. ग्रामोफोनच्या. काळ्या, धुळीने माखलेल्या. "किलोवर घेतल्या बाई, तुम्ही नगावर द्या," तो म्हणाला. मी घासाघीस केली (तेवढी तर करावीच लागते!) आणि सगळ्या घरात आणल्या. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "माय वं, अजून थाळ्या! कोन जेवनार आहे यात?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला गेली वीसेक वर्षं विचारला जातो. बाईने स्टीलचे डबे जमवले तर ती संसारी, साड्या जमवल्या तर हौशी, आणि रेकॉर्ड्स जमवल्या की डोक्यावर परिणाम! त्यातून त्या लावणीच्या असल्या तर मग विचारूच नका. माझ्याकडे आता दीडशेच्या वर रेकॉर्ड्स आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी लावण्यांच्या. एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, भक्तिगीतं जमवा ना. लोकांना सांगायलाही बरं वाटतं." लोकांना सांगायला म्हणून कुणी छंद करतं का हो?

लावणी माझ्या कानात शिरली ती लग्नाच्या मांडवातून. माझं माहेर यावल तालुक्यातलं. गावात लग्न निघालं की लिंबाच्या झाडाला भोंगा बांधला जायचा आणि लाऊडस्पीकरवाला खुर्चीवर बसून एकामागून एक रेकॉर्ड लावायचा. सकाळी भूपाळ्या आणि भक्तिगीतं, हळदीला लग्नाची गाणी, आणि दुपारी पंगत उठून बायका भांड्यांत गुंतल्या की हळूच लावण्या. तो एक ठसकेबाज आवाज होता. शब्द असा टाकायचा की जणू चुलीत ठिणगी उडाली. नाव माहीत नव्हतं. आई लगबगीने खिडकी लावून घ्यायची, "चांगल्या घरच्या पोरींनी ऐकायचं नसतं ते." यात्रेत तमाशाचा फड यायचा तेव्हाही तेच. वडील, काका पांढरे कपडे घालून जायचे आणि आम्ही गच्चीवर गोधड्या टाकून पडायचो. लांबून ढोलकी तेवढी ऐकू यायची. गाणाऱ्या बाया, नाचणाऱ्या बाया, आणि ऐकायला मात्र बाईला बंदी!

पुढे रावेरला आले. 2003 साली इथल्या एका लाऊडस्पीकरवाल्याने दुकान आवरायला काढलं. कॅसेट आल्या तेव्हाच त्याच्या रेकॉर्ड्स अडगळीत गेल्या होत्या, आता सीडी आल्या. मी मुलीच्या वाढदिवसासाठी माइक ठरवायला गेले आणि दहा रुपयाला एक अशा चाळीस रेकॉर्ड्स घेऊन परतले. प्रत्येकीच्या मधल्या कागदावर त्याने पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव नि नंबर घातला होता. वाजवायला घरात काहीच नव्हतं. भुसावळहून जुना फिएस्टा प्लेअर दुरुस्त करून आणला, त्याला दीड महिना गेला. तोपर्यंत मी त्या रेकॉर्ड्स नुसत्या वाचत होते. तेव्हाच त्या आवाजाचं नाव कळलं. सुलोचना चव्हाण.

आणि मग त्यांची गोष्ट कळली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुलोचनाबाई मुंबईच्या, गिरगावातल्या फणसवाडीच्या. जन्म 1933 चा. माहेरचं आडनाव कदम. गाण्याचं रीतसर शिक्षण कुणाकडे झालं नाही. घरात ग्रामोफोन होता, भावाला रेकॉर्ड्स आणण्याचा शौक होता, आणि ही मुलगी त्या लावून लावून गाणी घोकायची. त्यात वत्सलाबाई कुमठेकरांची एक लावणी होती. ती ऐकते म्हणून आईची बोलणी खायची, मुलीच्या जातीने असलं काही ऐकू नये म्हणून! म्हणजे पाहा, जिला पुढे आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं, तीही आमच्यासारखीच चोरून ऐकत होती. फड तिच्या दारात आला नव्हता. लावणी आली ती तबकडीवरून, स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या छंदाचं कारण सापडलं. तमाशाच्या तंबूला दार होतं आणि दारात तिकीट फाडणारा पुरुष होता. तबकडीला दार नव्हतं. ज्या घरात बाईला जाऊ देत नव्हते तिथलं गाणं तबकडी घरी घेऊन आली. फक्त ती लावायची कधी, हे अजूनही घरातला पुरुष ठरवायचा, एवढंच.

रेकॉर्ड्सचं थोडं सांगते, कारण मुली विचारतात. जुनी जड रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घेते. ती लाखेची. हो, आपल्या बांगड्यांची लाख तीच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. फडात अर्धा तास रंगणारी लावणी त्यात कोंबायची, म्हणजे गाणाऱ्याला पहिल्या शब्दापासून ठिणगी हवी. दमाने सुरुवात करायला जागाच नाही! नंतर विनाइलच्या आल्या. लहान, 45 फेऱ्यांची, आणि मोठी 33 फेऱ्यांची एलपी, जिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं गाणी. आपल्या देशात पहिली रेकॉर्डिंग झाली 1902 साली कलकत्त्यात, आणि सुरुवातीच्या त्या गायिकांतलं सगळ्यात मोठं नाव बाईचंच, गौहर जान. गाणं संपलं की ती शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. त्या काळी किती बायकांना आपलं नाव जगापुढे मोठ्याने सांगता येत होतं?

नावावरून आठवलं. माझ्याकडे 1951 च्या 'ढोलक' या हिंदी सिनेमाची एक रेकॉर्ड आहे. तिच्यावर नाव आहे सुलोचना कदम. नंतरच्या मराठी रेकॉर्ड्सवर, 'सवाल माझा ऐका', 'मल्हारी मार्तंड' या चित्रपटांच्या, सुलोचना चव्हाण. आवाज एकच, नावं दोन. आपल्या भांड्यांसारखंच की! माहेरून आलेल्या पातेल्यावर वडिलांचं नाव, सासरी घेतलेल्यावर नवऱ्याचं. मी दोन्ही रेकॉर्ड्स शेजारी शेजारी ठेवते. त्यांच्या बाबतीत एक मात्र वेगळं होतं. लग्नानंतर गाणं सुटलं नाही, उलट लावणीतला शब्द कसा फेकायचा हे पती श्यामराव चव्हाणांनीच त्यांना शिकवलं. आमच्या भजनी मंडळातल्या किती जणींचं गाणं लग्नानंतर सुटलं त्याची यादी मी इथे देत नाही, जागा पुरणार नाही.

त्यांना प्रत्यक्ष ऐकलं 2004 मध्ये, पुण्याला. भाचीने फोन करून सांगितलं, आत्या, कार्यक्रम आहे, येतेस का? घरात तीन दिवस चर्चा. रात्रीचा कार्यक्रम, लावणीचा, आणि त्यासाठी भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने एकटीने जायचं! नवरा 'जा' म्हणाला, पण 'लग्नाला चालले असं सांग' असंही म्हणाला. मी नाही सांगितलं तसं. शेजारी विचारलं तर म्हटलं, लावणी ऐकायला चालले. त्या बाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

पडदा वर गेला आणि मी बघतच राहिले. सत्तरी ओलांडलेली, साधी साडी नेसलेली बाई, दोन्ही खांद्यांवरून अंगभर पदर. एखाद्या हळदीकुंकवाला आल्यासारखी. माइकसमोर उभी राहिली. ना हातवारे, ना डोळ्यांचे खेळ. ढोलकीवर थाप पडली आणि पहिला शब्द आला... अंगावर सर्रकन काटा! तोच मांडवातला आवाज. वयाने थोडा जाड झालेला, वरच्या सुराला जरा सांभाळून जाणारा, पण ठसका तसाच. सगळा शृंगार शब्दात होता, देहाला काही करावंच लागत नव्हतं. मागून पुरुषांच्या शिट्ट्या आल्या आणि माझ्या शेजारच्या नऊवारीतल्या आजींनीही दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, शपथ! मग आमच्या रांगेतल्या सगळ्याच जणी टाळ्यांवर आल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा लावणीला मोठ्याने 'वा' म्हटलं. खिडकी लावायला कुणी नव्हतं.

तबकडी आणि प्रत्यक्ष यातला फरक तेव्हा कळला. तबकडीत त्या कायम तिशीत आहेत. व्यासपीठावर त्या कडव्यांमध्ये थांबून पाणी प्यायल्या, ढोलकीवाल्याकडे बघून हसल्या, एक ओळ चुकली तर पुन्हा घेतली. मला ती चुकलेली ओळच जास्त आठवते.

आता हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, मग ही अडगळ कशाला, असं माझा मुलगा म्हणतो. खरं आहे. पण मोबाइलवरचं गाणं कुणी काढून टाकलं की गेलं, आणि गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची, हे तिथे धड लिहिलेलंही नसतं. एलपीच्या पाकिटावर सगळी नावं असतात. गंमत म्हणजे शहरात आता पुन्हा रेकॉर्ड्सची फॅशन आली आहे. नव्या छापलेल्या रेकॉर्ड्स हजारोंना विकल्या जातात. परवा भाचा म्हणाला, आत्या, तुझ्याकडे तर घबाड आहे, विकून टाक. म्हणजे किंमत आल्याबरोबर छंदाला इज्जत आली! वीस वर्षं डोक्यावर परिणाम होता, तो एका दिवसात गुंतवणूक झाला. मला दोन्ही नको आहे. मला त्या ऐकायच्या आहेत, बस.

तुमच्या माळ्यावर रेकॉर्ड्स असतील तर एवढं करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली विनाइल पापडासारखं वाकडं होतं. तेव्हा माळ्यावरून खाली आणा, थंड खोलीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक रचू नका. लाखेच्या जुन्या रेकॉर्डला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. मी माझी तिसरी रेकॉर्ड अशीच घालवली, आणि रडले. मऊ कोरडं फडकं पुरे. आणि 78 ची सुई वेगळी असते, एलपीच्या सुईने ती वाजवली तर नुसती खरखर ऐकू येते.

सुलोचनाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या, 89 वर्षांच्या होत्या. त्या संध्याकाळी मी बैठकीतच प्लेअर लावला, आवाज मोठा करून. दारावरून जाणारे थांबले. सासूबाई आतून आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे आमच्या लग्नात वाजलं होतं. मी घुंगटातून ऐकलं." पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'थाळ्या' सुरू!

तर परवाची ती पेटी. धूळ पुसता पुसता एका पाकिटाच्या मागे निळ्या शाईतलं नाव दिसलं. बाईचं नाव, सुरेख अक्षर, खाली 1966 सालची तारीख. दुसऱ्यावर तेच नाव, 1968. बावीसपैकी चौदांवर होतं. लाऊडस्पीकरवाला नाही, नवरा नाही, तिने स्वतः, एकेक घेऊन, तारीख घालून. इथेच, आपल्या गावात, माझ्याआधी चाळीस वर्षं. त्यात सहा लावण्यांच्या आहेत.

भंगारवाल्याला पुन्हा गाठून विचारलं, कुठून आणल्या? तो म्हणाला, "स्टेशन रोडकडचं जुनं घर आहे बाई. म्हातारी दिवाळीआधी गेली. पोरं माळा रिकामा करत होती."