घोणस चावलेल्यांच्या मूत्रपिंडाकडे सुट्टीनंतरही बघा

प्रति,
आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद



सोयाबीनच्या सोंगणीत घोणस चावली की वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सेवाग्रामच्या नाहीतर सावंगीच्या रुग्णालयात नेतात. काचेच्या नळीत त्याचं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर प्रतिविष सुरू होतं. पण मूत्रपिंडाला तोवर झालेली इजा प्रतिविषाने भरून येत नाही. लघवी कमी होते, काळ्या चहासारखी दिसते, क्रिएटिनिन चढतं, डायलिसिस लागतं. पुष्कळांची लघवी पुन्हा सुरू होते आणि सुट्टी होते. फाईल रेशनकार्डाच्या पिशवीत जाते, माणूस वावरात.

आत मात्र दुखणं चालूच असू शकतं. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मुख्यतः चरबी जाळून ऊर्जा मिळवतात. इजेनंतर ही भट्टी मंदावते. पुन्हा नीट पेटली नाही, तर तिथे हळूहळू तंतुमय व्रण धरतो.

पेप्टाइड हायड्रोजेलचं संशोधन इथे आशा दाखवतं. अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या पाण्यात आपोआप जुळून मऊ जाळं तयार होतं. पेशीचा ऊर्जाव्यवहार सावरणारं औषध त्यात भरून इजेच्या जागी टोचलं, तर ते सावकाश सुटत राहतं. हे काम अजून बहुतांशी उंदरांवरच आहे, आणि त्यांच्या मूत्रपिंडाला इजा करतात ती बहुधा रक्तपुरवठा रोखून किंवा सिस्प्लाटिन हे कर्करोगावरचं औषध देऊन. आमचा रुग्ण वेगळा आहे. ज्याचं रक्तच गोठत नाही, त्याच्या मूत्रपिंडात सुई घालणं धोक्याचं. मग जेल कधी द्यायचं, कुठून द्यायचं? हा प्रश्न घोणसेच्या विषावरच्या प्रयोगांतूनच सुटेल. महासंचालक महोदय, त्यासाठी निधी द्या आणि सेवाग्रामसारख्या ग्रामीण संस्थांना त्यात सुरुवातीपासून घ्या.

मंत्रिमहोदय, आपल्याकडचं काम तर आजच होण्यासारखं आहे. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचे, असं केंद्राने 2024 मध्ये ठरवलं. जे वाचले, त्यांचीही नोंद ठेवा. मूत्रपिंडाच्या तीव्र इजेनंतर 3 महिन्यांनी तपासणी करावी, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत 2012 पासून आहे. सुट्टीच्या कार्डावर ती तारीख लिहिली जावी, आशाताईंना ती कळावी, आणि क्रिएटिनिन व लघवीतली प्रथिनं यांची तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मोफत व्हावी. आष्टी-कारंजाच्या मजुराने त्यासाठी रोजी बुडवून सेवाग्राम गाठावं, असं होऊ नये.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक नागरिक