सहल कोणाची, रान कोणाचे?

पावसाने सातपुड्याचे कडे हिरवे झाले की दर्यापूर-बनोशाहून सहलीच्या गाड्या अंजनगाव, परतवाडा करीत घाट चढू लागतात. पावसाळ्यात चिखलदरा आणि दिवाळीनंतर सेमाडोहची जंगलसफारी हा क्रम वऱ्हाडातील मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला आहे. खारपाणपट्ट्याच्या सपाटीवर दिवस काढणाऱ्या माणसाला चार घटका गारव्याची ओढ वाटावी, यात गैर काही नाही. आक्षेप सहलीला नाही. सहलीत जे दाखविले जात नाही त्याला आहे.

फाटकावर शुल्क भरले की जिप्सीत एक कोरकू तरुण वाटाड्या म्हणून बसतो. मातीवर उमटलेला पंजा तो दाखवितो, सांबराची हाक ओळखतो. मात्र ज्या कुरणावर हरणांचा कळप पाहून पाहुणे हरखतात, तेथे काही वर्षांपूर्वी एखादे गाव नांदत असेल, तर ते सांगण्याचे काम त्याला नेमून दिलेले नसते. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘माणसे’ असा आहे. परंतु वाघ न दिसल्यास पैसे वाया गेले असे मानणाऱ्या सहलीला माणसे पाहावयाची नसतात.

याच कोरकूची दर्यापूरकराशी दुसरी गाठ शेताच्या बांधावर पडते. सोयाबीनच्या व हरभऱ्याच्या सोंगणीला तो लेकराबाळांसह घाट उतरतो, उघड्यावर चूल मांडतो आणि होळीच्या ओढीने परत जातो. घाटाखाली तो स्वस्त मजूर. घाटावर तो देखाव्याचा भाग. या दोन्ही रूपांत जे हरवते ते एकच: तो त्या मुलखाचा धनी आहे, ही गोष्ट.

ही धनीपणाची हकालपट्टी जुनी आहे. सागवानासाठी इंग्रजांनी 1860च्या दशकातच मेळघाटची जंगले राखीव केली. स्वराज्यात 1973-74 साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे अकोट तालुक्यात खाली आणली गेली. त्यांच्यामागून आणखी गावे निघाली. 2008 साली कुटुंबामागे 10 लाख रुपये ठरले, 2021 साली 15 लाख. रक्कम कुटुंबाला मिळाली. रान मात्र गावाचे होते. मोहाचे फूल, तेंदूपान, नदीतली मासळी, सरपण, देवाचे ठिकाण यांचा हिशेब कोणत्या धनादेशात बसतो? जानेवारी 2019 मध्ये खाली आणलेली काही कुटुंबे केलपाणी-गुल्लरघाट परिसरात परतली, तेव्हा वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष होऊन अनेक जण जखमी झाले. सुखासमाधानाने स्थलांतर केलेली माणसे असा मार्ग पत्करीत नाहीत.

आदिवासींचा मुलूख पाहावयास जाणे ही काही वऱ्हाडाचीच रीत नव्हे. अमेरिकेत मुलांकडे जाणारी मराठी मंडळीही नैऋत्येकडील वाळवंटात नवाहोंचा लाल दगडांचा प्रदेश पाहून येतात. स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘माणसे’च, म्हणविणाऱ्या या जमातीला 1864 साली अमेरिकी सैन्याने शेकडो मैल पायी हाकलले, 1868च्या तहाने ती मायभूमीस परतली. आज अँटिलोप दरीत नवाहोंनी परवाना दिलेल्या वाटाड्यावाचून पाऊल टाकता येत नाही. मॉन्युमेंट व्हॅलीचे उद्यान 1958 पासून जमातीच्या सत्तेखाली आहे. शुल्क जमात ठरविते. 2020 साली साथ आली तेव्हा नवाहो शासनाने उद्याने बंद केली आणि 2021च्या जुलैपर्यंत उघडली नाहीत. पाहुण्याला ‘आज येऊ नका’ असे सांगण्याचा अधिकार, हीच मालकीची खरी खूण होय.

म्हणून तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. त्याच भूमीतून 1944 ते 1986 या काळात सुमारे 3 कोटी टन युरेनियमयुक्त खनिज उपसले गेले. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणींचे विष अजून मागे आहे. भांडवलशाहीने नवाहोंवर कृपा केलेली नाही. तरीही सहलीच्या फाटकाची किल्ली जमातीच्या हाती असू शकते, एवढे तेथे सिद्ध झाले आहे.

मेळघाटात ती किल्ली कोणाकडे आहे? फाटकावरचे शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जमा होते आणि त्या प्रतिष्ठानावर वर्चस्व वनखात्याचे असते. स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो हे खरे. परंतु वाटाड्याची रोजी म्हणजे मालकी नव्हे. मेळघाट पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. तेथे 1996चा पेसा कायदा आहे, 2006चा वनाधिकार कायदा आहे, आणि ग्रामसभेच्या जाणत्या संमतीवाचून गाव हलविता येत नाही अशी तरतूद वन्यजीव कायद्यातही आहे. कायदे आहेत, त्यांचा धाक नाही. 1993 साली बालमृत्यूंनी देशाचे लक्ष वेधलेल्या या मुलखातच, चिखलदऱ्याच्या दरीवर चारशे मीटरांचा आकाशमार्ग बांधण्याचा घाट सरकारने घातला. प्राधान्य कशाला आहे, हे निराळे सांगावयास नको.

‘माणसे राहिली तर वाघ राहणार नाही,’ असे काही निसर्गप्रेमी म्हणतात. वाघ जगलाच पाहिजे. परंतु शिकारीचा शौक करणारे साहेब व संस्थानिक आणि सागवान तोडणारे ठेकेदार यांच्या पापाचे प्रायश्चित्त कोरकूने का घ्यावे? मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरच्या गावकऱ्यांना 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या, सीताफळाची विक्री स्वतः संघटित केली आणि 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळविला. रान राखण्याची अक्कल फक्त खात्याला असते, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते?

तेव्हा दर्यापूरच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. सहलीवर बहिष्कार घालून कोरकूच्या हाती काही पडणार नाही. प्रवेशशुल्काचा विनियोग, वाहनांची संख्या आणि फाटक उघडण्या-मिटण्याचे दिवस ग्रामसभांनी ठरवावेत, ही मागणी संघटनेने हाती घेतली पाहिजे. खाली आणलेल्या गावांना जमीन, पाणी आणि दवाखाना मिळाला की नाही, याचा जाब जाहीरपणे विचारला पाहिजे. आणि याची सुरुवात घाटाखालीच व्हावयास हवी: सोंगणीला आलेल्या कोरकूला पुरी मजुरी आणि डोक्यावर छप्पर देण्यापासून. स्वतःच्या बांधावर ज्याला माणूस मानले नाही, त्याच्या रानात पाहुणा म्हणून जाण्याचा अधिकार कोणी सांगू नये.