फराळाचे ताट आणि भाड्याची खोली

दिवाळीत समोरच्या चाळीतल्या मुसलमान कुटुंबाकडे फराळाचे ताट धाडले, की आम्हांला कोण धन्यता वाटते! त्यांचा शिरखुर्माही आम्ही वाटी पुसून खातो. पण त्यांनी आमच्या सोसायटीत भाड्याने खोली मागितली, की सेक्रेटरींना एकाएकी नियम आठवतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना असेच वाटेला लावले. सभेला मीही हजर होतो. मास्तर असून जीभ उचलली नाही.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. धारावीत हिंदू-मुसलमान पोलिसांसमवेत बसून तंटे मिटवू लागले. त्यांना ते साधले, कारण गल्ली एकच होती. आम्ही गल्लीच तोडायची, आणि वर चकल्या पाठवायच्या! यंदा चकल्या राहू द्या, मंडळी. तो अर्ज पुढल्या सभेत मी पुन्हा मांडणार आहे. हात वर करायला या.