काटकसर कोणाच्या माथीं ?

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांनीं निबंधांत इतक्या वेळां लिहिली आहे कीं, वाचतांना आमची दृष्टि आतां तिच्यावरून सहज घसरून जाते. परंतु आमगांवच्या आसपास धानाची शेती करणाऱ्या कोणाहि पालकास विचारावें; तो सांगेल कीं, पाणी सांठविण्यापूर्वीं धुऱ्याकडे पाहावें लागतें. खेकड्यानें धुऱ्यास एक भोंक पाडलेलें असलें, तर रात्रभर मोटार चालवूनहि बांधी सकाळीं कोरडीच दिसावयाची. शहाणा शेतकरी प्रथम भोंक बुजवितो, मग मोटार सुरू करितो. घरांतील विजेचा खर्च हीहि अशीच एक बांधी आहे.

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं विजेचें बिल आलें, तें पाहून आम्हीं बहुतेक कुटुंबप्रमुख करितात तेंच केलें; आवाज चढविला. दिवे मालवा, पंखे बंद करा, असा हुकूम सुटला. हुकूम सर्वांस सारखा होता; तो पाळला मात्र दोघींनींच. आमच्या मातोश्रींनीं दुपारचा पंखा बंद करून डोक्यावर ओला पंचा घेतला, आणि मुलांच्या आईनें स्वयंपाकघरांतील लहान पंखा लावणें सोडलें. आम्ही स्वतः बैठकींत पंख्याखालीं बसून उत्तरपत्रिका तपाशीत होतों. वैशाखांत आपल्या भागांतील पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, हें वाचकांस सांगणें नको. आठवड्याच्या आंतच मातोश्रींस घेरी येऊन त्या मोरीजवळ पडल्या. ईश्वरकृपेनें इजा मोठी झाली नाहीं; परंतु त्या दिवशीं आमच्या काटकसरीची किंमत आम्हांस कळली.

त्यानंतर आमची सातवींतील कन्या एक जुनी वही घेऊन आली. शाळेंत सांगितल्यावरून ती रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचा आंकडा टिपून ठेवीत असे. "बाबा, पंखे बंद झाले तरी मीटर फारसा थांबत नाहीं," असें ती म्हणाली. मग आम्हीं एकेक वस्तु बंद करून पाहिली, आणि शोध फ्रीजपाशीं येऊन थांबला. त्याच्या दारांत दहा रुपयांची नोट अडकवून दार लावलें. ओढतांच ती अलगद बाहेर आली. दाराचें रबर कडक होऊन गेलें होतें. आंतील गारवा बाहेर जात होता, बाहेरची उष्णता आंत येत होती, आणि यंत्र बिचारें अहोरात्र धांवत होतें. खेकड्याचें भोंक सांपडलें. कांहीं शें रुपयांत रबर बदलून झालें आणि रोजचा आंकडा एका युनिटाहून अधिक उतरला. दोघी बायका उकाड्यांत बसून जें वांचवूं शकल्या नाहींत, तें एका रबराच्या पट्टीनें वांचविलें.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, काटकसर दोन प्रकारची असते. एक, सुखसोय सोडून केलेली. दुसरी, तीच सुखसोय कमी खर्चांत मिळवून केलेली. पहिलीचा बोजा घरांतील जो सर्वांत गरीब स्वभावाचा असेल त्याच्यावर पडतो; कारण तो तक्रार करीत नाहीं. दुसरीचा बोजा कोणावरच पडत नाहीं. मात्र तिला थोडें ज्ञान, थोडें गणित आणि आरंभीं थोडे पैसे लागतात. नव्या उपकरणांचें खरें महत्त्व आम्हांस येथें वाटतें.

पंख्याचेंच उदाहरण घ्यावें. जुना साधा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. तो दिवसास १२ तास चालला, तर ९०० वॅट-तास, म्हणजे ०.९ युनिट, ३० दिवसांचीं २७ युनिटें. हल्लीं ज्यांस बीएलडीसी म्हणतात ते पंखे तितकाच वारा सुमारें ३० वॅटांत देतात. त्यांचीं महिन्याचीं युनिटें ११ सुद्धां होत नाहींत. कारण साधें आहे. साध्या पंख्याच्या फिरत्या भागांत चुंबकत्व आणण्यासाठींच बरीच वीज खर्ची पडून तिची उष्णता होते. नव्या पंख्यांत चुंबक कायमचें बसविलेलें असतें. हा पंखा महाग असतो, हें खरें. पण एका पंख्यामागें महिन्यास १६ युनिटें वांचतात. तीन पंख्यांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा.

या हिशेबांत आणखी एक खुबी आहे. घरगुती विजेचा दर सरसकट नसतो. पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांस त्याहून पुष्कळच चढा, असे टप्पे असतात. म्हणून वांचलेलें युनिट हें नेहमीं वरच्या, म्हणजे महाग टप्प्यांतील असतें. बिलाच्या मागें हे दर छापलेले असतात. ते वाचण्याची संवय किती घरांत आहे?

दिव्यांच्या बाबतींत ही क्रांति आपल्या डोळ्यांदेखत झाली. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र शासनाची उजाला योजना सुरू झाली, आणि ६० वॅटांच्या तापट गोळ्याच्या जागीं ९ वॅटांचा एलईडी दिवा खेड्यापाड्यांत पोंचला. कोणाहि विद्यार्थ्याच्या पुस्तकावरचा उजेड त्यामुळें कमी झाला नाहीं. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ताऱ्यांची पट्टी फ्रीजवर आपण पाहतों. १ जानेवारी २०२३ पासून ती छताच्या पंख्यांसहि आवश्यक झाली आहे. दुकानांत गेल्यावर रंग आणि हप्ता विचारण्यापूर्वीं ती पट्टी पाहावी.

आतां ज्यांस 'स्मार्ट' म्हणतात त्या वस्तूंविषयीं. आमच्या भाच्यानें नागपुराहून मोबाइलवरून चालू-बंद होणारा एक प्लग आणून दिला. मोरींतील गीझर ठरल्या वेळीं आपोआप बंद करण्यास तो फार उपयोगीं पडतो. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास दिवा लावण्यासहि पडेल. परंतु धडधाकट माणसानें चार पावलें उठूं नये एवढ्यासाठीं तो घेणें ही बचत नव्हे, नवा खर्च आहे. शिवाय असा प्लग हुकुमाची वाट पाहत रात्रंदिवस स्वतः थोडी वीज घेतच असतो. टी. व्ही. बंद असतांना त्याच्या पेटीस हात लावून पाहावा; पुष्कळदां ती कोमट लागते. ती १० वॅट घेत असली, तरी अखंड चालून महिन्यास ७ युनिटें होतात. भिंतीवरचें बटण दाबणें फुकट आहे.

स्मार्ट मीटरांविषयीं पालकांच्या मनांत धास्ती आहे, आणि तिची थट्टा करूं नये. ज्याची मिळकत मोजकी, त्यास मोजणाऱ्याची भीति वाटणारच. सामान्य ग्राहकांस प्रीपेड मीटर लावणार नाहीं असें राज्य शासनानें जून २०२४ मध्यें जाहीर केलें. त्यानंतर वापराची वेळ नोंदविणारे टीओडी मीटर आले, ज्यांचें बिल पूर्वींप्रमाणें मागाहून येतें. अशा मीटरवर सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील घरगुती वापरास १ जुलै २०२५ पासून युनिटामागें सवलत जाहीर झाली. भीतीवर उपाय एकच; आपला आंकडा आपण टिपावा. परंतु दिवसा वीज स्वस्त म्हणून कपडे धुणें, इस्त्री, पाणी चढविणें हीं सारीं कामें भर दुपारीं घरच्या बाईच्याच गळ्यांत बांधणार असूं, तर आम्हीं पुन्हां पहिल्याच प्रकारची काटकसर केली असें होईल.

ज्यांस स्वतःचें छप्पर आहे त्यांस प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे. २०२४ सालीं ती सुरू झाली तेव्हां १ किलोवॅटच्या सौरसंचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यावरील संचास ७८,००० रुपये असें अनुदान ठरलें. आमची सूचना इतकीच कीं, प्रथम धुरा बुजवावा, मग मोटार लावावी. आधीं वापर कमी केला, म्हणजे लहान संचांतहि भागेल आणि कर्जहि लहान राहील.

आमच्याच जिल्ह्यांत तिरोड्यास ६६० मेगावॅटांचे पांच संच कोळसा जाळून वीज करितात. बटण दाबल्यावर ती कोठून येते याचा विचार विद्यार्थ्यांनीं करावा, हें तर खरेंच. परंतु ती घरांत कोणाच्या वांट्यास किती येते, याचाहि विचार करावा. एक वही घ्यावी. तारीख, सकाळचा आंकडा, संध्याकाळचा आंकडा, असे तीन रकाने आंखावे. महिन्याभरांत आपल्या घरचें भोंक कोठें आहे तें कळेल. आणि पालकांस आमची नम्र विनंति अशी कीं, बचतीचा हुकूम सोडण्यापूर्वीं तो पाळणार कोण, हें क्षणभर पाहावें.

आमच्या घरीं यंदा दोन नवे पंखे आले. एक मातोश्रींच्या खाटेवर बसला, दुसरा स्वयंपाकघरांत. बैठकींतील पंखा अजून जुनाच आहे. वांचलेल्या पैशांतून त्याची पाळी दिवाळीनंतर येईल.